काठमांडूच्या लेखात ज्यापू शेतकरी का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील काठमांडूवरचा लेख वाचला. पशुपतिनाथ, स्वयंभूचा स्तूप, पाटणचा दरबार चौक, कुमारी या जिवंत देवीचे घर, सगळे त्यात आहे. पण त्या खोऱ्याला शतकानुशतके ज्यांनी जेवू घातले, त्या ज्यापूंवर, म्हणजे खोऱ्यातल्या मूळच्या नेवार समाजातल्या शेतकऱ्यांवर, एक ओळही नाही. लाल काठाचे काळे लुगडे नेसलेल्या बाईचा फोटो तेवढा छापला आहे आणि खाली 'स्थानिक महिला' असे लिहिले आहे. ते लुगडे म्हणजे हाकु पटासी, ज्यापू बायकांचा पिढीजात पेहराव. फोटो छापला, तर निदान ती कोण हे तरी सांगायला हवे होते.

महर्जन, डंगोल, सुवाल ही या समाजातली आडनावे. बैल शंकराचे वाहन, म्हणून त्याला नांगराला जुंपायचे नाही, अशी त्यांची जुनी रीत. आखूड दांड्याच्या, रुंद पात्याच्या 'कू' नावाच्या कुदळीने ते सबंध शेत हाताने खणत आले. खोरे म्हणजे पुरातन तळ्याचा तळ. तिथली काळी गाळमाती खणून ते खत म्हणून शेतात घालत. पावसाळ्याच्या तोंडावर सिथी नखाच्या सणाला विहिरी आणि पाणवठे उपसायचे, मग भातलावणी, लावणी उरकली की गठेमुगःच्या सणाला भुतेखेते गावाबाहेर घालवायची, आणि पीक घरात आले की योमरी पुन्हीला, म्हणजे योमरीच्या पौर्णिमेला, तांदळाच्या पिठाच्या, गूळ-तीळ भरलेल्या योमरी करायच्या. ज्या उत्सवांचे लेखात कौतुक आहे, त्यांतले कितीतरी असे भाताच्या वेळापत्रकावर चालतात.

मला सर्वांत थोर वाटते ती त्यांची गावठाणाची समज. घरे उंचवट्यावर, भिंतीला भिंत लावून, तीन-चार मजली. खालची पाणथळ, कसदार जमीन पूर्ण भातासाठी मोकळी. चांगल्या शेतात घर बांधायचे नाही, हा नियम पूर्वजांनी पाळला, म्हणून एवढ्याशा खोऱ्यात काठमांडू, पाटण आणि भक्तपूर अशा तीन राजधान्या पोसल्या गेल्या. आज त्याच शेतांत प्लॉट पडत आहेत.

जमीन गेली की गुठी जाते, आणि हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गुठी म्हणजे देवळासाठी, जत्रेसाठी, अंत्यविधीसाठी एकत्र आलेल्या घरांची संस्था. अनेक गुठींच्या नावे जमीन असते आणि तिच्या उत्पन्नातून पूजा, वाजंत्री, जेवणावळी चालतात. धिमे हा मोठा ढोलही पोरे गुठीतच शिकतात. २०१९ मध्ये या संस्था सरकारी प्राधिकरणाखाली आणणारे विधेयक आले, तेव्हा हजारो लोक काठमांडूच्या रस्त्यावर उतरले आणि ते सरकारला मागे घ्यावे लागले.

पाटणजवळच्या खोकना गावाचे दुखणे अजून सुटलेले नाही. मोहरीच्या तेलाच्या घाण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव दसऱ्याऐवजी सिकाली देवीची जत्रा करते. २०१५ च्या भूकंपात त्याची पडझड झाली. काठमांडू-तराई द्रुतगती मार्ग, बाह्य वळणरस्ता, उपनगर, वीजवाहिनी, सगळ्यांना जमीन हवी ती याच परिसरातली. जुलै २०२० मध्ये संपादित जमिनीवर भात लावायला निघालेल्या गावकऱ्यांची पोलिसांशी झटापट झाली. रस्ता नको असे नाही. पण एकाच गावाच्या शिवारावर सगळे प्रकल्प का लादावेत, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. बीड जिल्ह्यात मायंब्याला ज्यांच्या समाधीला आपण जातो, ते मच्छिंद्रनाथ नेपाळात पावसाचे दैवत आहेत आणि त्यांचे ठाणे खोकनाशेजारच्या बुंगमतीत आहे. बारा वर्षे अवर्षण पडले तेव्हा नाथांना खोऱ्यात आणायला तिघे निघाले, अशी तिथली कथा आहे: एक राजा, एक तांत्रिक आचार्य आणि एक ज्यापू. नाथांच्या रथयात्रेच्या शेवटी लोकांना दाखवतात तो रत्नजडित भोटो, म्हणजे बंडीही, दंतकथेप्रमाणे, नागराणीचे डोळे बरे केल्याबद्दल एका ज्यापूलाच मिळालेला.

आपल्या पुरवणीत खोकना-बुंगमतीच्या शेतकऱ्यांवर स्वतंत्र लेख द्यावा, आणि तो देवळांच्या फोटोंऐवजी त्यांच्या जमिनीच्या प्रश्नापासून सुरू व्हावा, अशी विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक