शेवटी निवडलेली मुलं

महोदय,

मोठी माणसं व्यायाम का टाळतात, याचं उत्तर जिममध्ये नव्हे, शाळेच्या मैदानावर शोधावं. संघ पाडताना दोन्ही कर्णधार ज्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे, तो मुलगा मी होतो. शेवटी ‘घ्या रे यालाही’ म्हणत एका बाजूला ढकललं जायचं. पन्नाशीत डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा बुटाची नाडी बांधताना तेच ओशाळलेपण आठवलं.

फिनलंडमध्ये १९८० साली सुरू झालेल्या अभ्यासात मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. सलग काही वर्षं खेळती राहिलेली मुलं पुढेही हालती-चालती राहण्याची शक्यता जास्त दिसली. अर्थात हा धागा तसा नाजूकच, काळ्या दगडावरची रेघ नव्हे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. प्रत्यक्षात मैदान मिळतं ते पदकं आणणाऱ्या मोजक्यांना, बाकीचे टाळ्या वाजवायला. (खेळाच्या तासाला गणित उरकण्याबद्दल तर बोलायलाच नको.)

माझी नात परवा शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि घरी येऊन पुन्हा धावत सुटली. तिच्यासमोर कुणी घड्याळ धरू नये, एवढंच.

– एक वाचक