ब्लेड बसवून द्यायला नकार देणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी सड्यालगतच्या तुकड्यातली बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची साफसफाई, संपली. दुसरी बॅटरी संपत आली होती आणि करवंदीची एक जाळी तेवढी उरली होती. ती कोयत्याने तोडली, गवत कापायचं मशीन खांद्यावरून उतरवलं आणि कलमाच्या सावलीत ठेवलं. महिनाभराच्या कामात कुणाला साधं खरचटलंही नाही. तुमच्या दुकानात येऊन आभार मानायचे म्हटलं तर तुम्ही "चहा घ्या बाय" म्हणून विषय मोडणार, हे ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. आणि ते चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण जुनं बॅटरीचं ग्रास कटर घेणारी मी काही एकटी नाही. पाऊस गेला आणि गवत गुडघ्याच्या वर आलं की गावोगाव अशी मशिनं हात बदलतात. विकणारा बॅटरी किती टिकते ते सांगतो, पण खाली कोणतं पातं चालेल ते सहसा कुणी सांगत नाही.

त्या दिवशी मी तुमच्याकडे काय घेऊन आले होते, ते आधी सांगते. एका फार्महाऊसवाल्याने जागा विकली, त्याच्याकडून मिळालेलं 36 व्होल्टचं मशीन, दोन बॅटऱ्या आणि चार्जर. सोबत एका पिशवीत नायलॉन दोरीचं डोकं, तीन दात्यांचं एक वापरलेलं पातं, एक कोरं 40 दात्यांचं, करवतीसारखं टिकल्यावालं ब्लेड (दात्यांच्या टोकांना कठीण धातूचे तुकडे जडवलेलं), आणि साखळीचे तुकडे लोंबणारं एक लोखंडी डोकं. पात्यावरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, नव्हता. पुस्तिका नव्हती. माझं म्हणणं सरळ होतं: घाणेरी आणि रानमोडी माजली आहे, 40 दात्यांचं ब्लेड लावून द्या, आणि अगदीच दाट जाळीसाठी ते साखळीचं डोकं कसं लावायचं तेही दाखवा. दोनशे रुपये हातात धरूनच उभी होते.

तुम्ही ते घेतले नाहीत. "बाय, हे मी बसवून देणार नाही," एवढंच म्हणालात आणि स्टूल पुढे सरकवलंत. खरं सांगते, मला राग आला होता. गडी दुसऱ्या दिवशी येणार होता, मजुरी ठरली होती. पण तुम्ही नुसतं नाही म्हणून थांबला नाहीत. हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला ठेवून तासभर एकेक वस्तू उलगडून दाखवलीत.

आधी साखळी. ती तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि एका कडीच्या सांध्यावर नख फिरवायला सांगितलंत. मग दाराबाहेरचा जांभ्याचा गोटा दाखवून म्हणालात, "गवतात हा दिसत नाही. कडी ह्याच्यावर आपटली की एक तर हा उडेल, नाही तर कडी." पुढे काही बोलायची गरजच नव्हती. घरी आल्यावर मी याबद्दल शोधून वाचलं. ब्रिटनमध्ये 2010 साली अशाच डोक्यातून सुटलेली कडी लागून एक माणूस गेला, आणि जानेवारी 2012 मध्ये युरोपीय आयोगाने हातातल्या ब्रश कटरसाठी, म्हणजे आपल्या ग्रास कटरसारख्याच मशिनांसाठी, जोडकड्यांची अशी धातूची डोकी बाजारात आणायला बंदी घातली. ते डोकं माझ्याकडे फुकट आलं होतं, आणि फुकट आलंय म्हणून मी ते वापरणार होते. आमच्या बागेत गडी पुढे गवत कापत जातो आणि दोघी बायका मागून ते ओढून गंजी करतात. मध्ये चार-पाच हातांचं अंतर असतं. तुम्ही विचारलंत, "मागे कोण असतं?" तो प्रश्न मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. त्या दिवसापासून मशीन चालू असताना 15 मीटरच्या आत कुणीही यायचं नाही, असा नियम केला आहे. 15 मीटर म्हणजे आमच्याकडे दोन कलमांमधल्या अंतराच्या दीडपट. बायकांना तसंच सांगितलं आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं.

मग ते 40 दात्यांचं ब्लेड. ते कोरं करकरीत होतं, टिकल्या चमकत होत्या, आणि माझा जीव त्याच्यातच अडकला होता. तुम्ही आधी ब्लेडच्या मधलं भोक मोजलंत: 25.4 मिलिमीटर. मग माझ्या मशीनच्या खालच्या बैठकीवरचा उंचवटा मोजलात: 20. पाच मिलिमीटरहून जास्त मोकळं. मी म्हटलं, मध्ये एखादा बुश, म्हणजे मोकळी जागा भरून काढणारी कडी, बसवा, लेथवाल्याकडून करून आणते. तेव्हा तुम्ही मशीनची पट्टी पुसून त्यावरचा आकडा मला वाचायला लावलात. मिनिटाला 6500 फेरे. वहीच्या मागच्या पानावर आपण दोघांनी मिळून गणित मांडलं. 230 मिलिमीटरचं पातं त्या वेगाने फिरलं तर त्याचं टोक ताशी सुमारे 280 किलोमीटरने धावतं, आणि त्याहून मोठं, 305 मिलिमीटरचं लावलं तर ताशी 370 च्या पुढे जातं. एवढ्या वेगाला पातं केसभर जरी मध्यापासून सरकलेलं असलं तरी आधी हाताला मुंग्या येतात, मग नट सैल होतो, मग पुढचं काय ते देवाला माहीत. "पातं मध्यावर बसवायचं काम बैठकीचं, नटाचं नाही," हे तुमचं वाक्य मी गड्याकडून पाठ करून घेतलं आहे.

माझ्या मशीनची पुस्तिका तुमच्याच सांगण्यावरून मिळाली. पट्टीवरचा मॉडेल नंबर मोबाइलवर टाकला आणि दहा मिनिटांत सगळी पानं समोर आली. त्यात या मशीनला चालणाऱ्या कापायच्या वस्तूंची यादी होती आणि ती फार लहान होती. नायलॉनचं डोकं, आणि 230 मिलिमीटरपर्यंतचं तीन किंवा चार दात्यांचं पातं. करवतीसारखं ब्लेड त्यात कुठेच नव्हतं. मला तर वाटलं होतं की मशीन बॅटरीचं आहे म्हणजे नाजूक आहे, त्यामुळे धोकाही कमीच असणार. हा समज तुम्ही तिथल्या तिथे काढून टाकलात. पेट्रोलचं मशीन आवाज करतं, त्यामुळे ते चालू आहे हे सगळ्या वाडीला कळतं. बॅटरीचं गप्प असतं. कुणी सहज उचललं, बोट खटक्यावर पडलं, की पातं फिरलंच. म्हणून पात्याला हात लावायच्या आधी बॅटरी बाहेर. गवत गुंडाळलं तरी बॅटरी बाहेर, झुडपात अडकलं तरी बॅटरी बाहेर. आमच्याकडे आता बॅटरी काढून ती गड्याच्या खिशात जाते आणि मगच तो खाली वाकतो.

आणि ते वापरलेलं तीन दात्यांचं पातं! हे मी पुन्हा पुन्हा लोकांना सांगते आहे. दिसायला ते ठीक होतं. जरा गंज होता, एका दात्याची धार गेली होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, हे तरी बसवा, धार लावून. तुम्ही ते घासून साफ केलंत, रॉकेलचा बोळा फिरवलात, थोडा वेळ ठेवून कोरड्या फडक्याने लख्ख पुसलंत आणि शाळेच्या खडूची पांढरी पूड त्यावर चोळलीत. मला वाटलं, हे काय चाललं आहे. दोन मिनिटांत दात्याच्या मुळाशी, जिथे दाता मधल्या तबकडीला मिळतो त्या खोबणीत, खडूवर एक काळपट बारीक रेघ उमटली. आत शिरलेलं रॉकेल भेगेतून बाहेर येत होतं. करंगळीच्या नखाएवढी रेघ. आधी मी त्याच जागेवरून बोट फिरवलं होतं आणि मला काहीही लागलं नव्हतं.

त्या रेघेकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला होता, मेस्त्री. ते पातं दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फिरणार होतं.

तुम्ही म्हणालात, भेग पडलेल्या पात्याला वेल्डिंग नाही, वाकलेल्या पात्याला हातोडा नाही, ते भंगारातच जातं. आणि तसंच गेलं तर कुणी उचलून पुन्हा लावील, म्हणून तुम्ही ते शिकंज्यात धरून माझ्यासमोर वाकवून मोडलंत. जुनं मशीन विकत घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं असं मला मनापासून वाटतं: मशीन जुनं घ्या, पातं जुनं घेऊ नका. नवं पातं मशीनच्या मानाने फार महाग नसतं.

नवं घेतानाही तुम्ही सोबत आलात, हे मी विसरणार नाही. बाजारपेठेतल्या दुकानात आधी स्वस्तातलं एक पातं पुढे आलं. त्याच्यावर काहीच कोरलेलं नव्हतं, ना भोकाचं माप, ना वेग. तुम्ही ते न बोलता परत ठेवलंत. दुसऱ्यावर माप होतं, आणि जास्तीत जास्त किती फेऱ्यांना चालेल तो आकडाही होता, तो माझ्या मशीनच्या 6500 पेक्षा बराच वर होता. भोक 20 चं. तेच घेतलं. शिवाय त्याच मॉडेलचा पात्याचा गार्ड मागवायला लावलात. तो यायला पाच दिवस लागले आणि त्या पाच दिवसांत मी तुम्हाला तीनदा फोन केला की गार्डशिवाय एक दिवस चालवू का. तिन्ही वेळा तुम्ही न चिडता नाही म्हणालात. गार्ड आल्यावर कळलं की दोरीचा गार्ड वेगळा असतो. त्याच्या काठाला दोरी कापणारी छोटी सुरी असते, आणि धातूचं पातं लावताना तो भाग ठेवायचा नसतो. हे आपण होऊन मला सुचलं नसतं.

बसवताना तुम्ही एकदा करून दाखवलंत आणि मग दोनदा माझ्याकडून करून घेतलंत. गिअरच्या डोक्यातल्या भोकात सळी घालून दांडा अडवायचा, खालचा नट उलट्या आट्याचा आहे म्हणून नेहमीपेक्षा विरुद्ध बाजूला फिरवायचा. वरची बैठक, पातं, खालची चकती, वाटी, मग नट, हाच क्रम. गार्डवरच्या बाणाच्या दिशेने दात्यांची धार. नट नुसत्या बोटांनी खालपर्यंत फिरायला लागला की त्याचं लॉकिंग गेलं, तो टाकून नवा घ्यायचा. तो नवा नट तुम्ही माझ्या पिशवीत फुकट टाकलात, तो घरी आल्यावर सापडला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुमच्या घड्याळाचा. दुकानाच्या कोब्यावर खडूने गोल काढलात, वर, म्हणजे मशीन धरणाऱ्याच्या समोर, 12, उजवीकडे 3. माझं पातं वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून जाड काडीला 12 ते 2 या भागाने कधीच भिडायचं नाही, मशीन झटक्याने उजवीकडे आणि मागे येतं. डावीकडचा 8 ते 10 चा भाग वापरायचा आणि झोका उजवीकडून डावीकडे. गड्याने पहिल्याच दिवशी घाणेरीच्या बुंध्याला समोरून लावलं, मशीन उसळलं, आणि तो माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाला, "बारा वाजले." पट्टा खांद्यावर होता, हात दोन्ही मुठींवर होते, म्हणून काही झालं नाही. त्यानंतर अंगठ्यापेक्षा जाड काहीही दिसलं की तो मशीन बाजूला ठेवतो आणि कोयता घेतो. वेळ जास्त लागतो, पण मला त्याची घाई नाही.

कलमांच्या बुंध्याजवळ मात्र आम्ही पातंही नेत नाही आणि दोरीही नाही. तुम्ही सांगितलं होतं की लोक दोरीला मऊ समजतात, पण रोपाची साल तीच सोलून काढते. गेल्या वर्षी माझी काजूची सात रोपं बुंध्याशी गोल साल जाऊन वाळली होती. मी खोडकिड्याला दोष देत होते. आता हातभर गोल विळ्याने काढतो. दोरी फक्त गडग्याच्या कडेला आणि पायवाटेला वापरतो, जिथे चिरे आहेत आणि पात्याचं काम नाही.

तुम्ही दिलेली चपटी कानस रोज संध्याकाळी हातात येते. प्रत्येक दात्याला मोजून सारखे घासे, म्हणजे तोल जात नाही. ग्राइंडरवर धरून निळं पाडायचं नाही, पोलादाचं पाणी उतरतं. धार चांगली असली की बॅटरीही जास्त वेळ पुरते, हे मला वापरल्यावर कळलं. आणि शनिवारी रॉकेल आणि खडू. आतापर्यंत चार वेळा केलं, रेघ आलेली नाही.

वणव्याच्या दिवसांच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळी केलेली पट्टी, काढून झाली आहे. कलमांखाली मोकळं झालं आहे, मोहोर यायला लागेल तेव्हा फवारणीचा पाइप कुठे अडकणार नाही. यंदा पहिल्यांदाच हे सगळं बाहेरच्या ठेकेदाराशिवाय, आमचे आम्ही केलं.

त्या दिवशी दोनशे रुपये घेऊन तुम्ही ते ब्लेड बसवून दिलं असतंत तरी मी तुम्हाला काही बोलले नसते. मला कळलंच नसतं. तुम्ही गिऱ्हाईक नाराज होईल याची पर्वा केली नाहीत, आणि तासाभराचे पैसेही घेतले नाहीत. मागून गवत ओढणाऱ्या दोघींपैकी धाकटीला दोन वर्षांचं मूल आहे. तिला मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे.

ते मोडलेलं पातं अजून तुमच्या भिंतीवर खिळ्याला असेल तर राहू द्या. पुढच्या सोमवारी मी येते आहे, माझ्या चुलतदिराने घेतलेलं जुनं मशीन घेऊन. त्याच्या पिशवीतही 40 दात्यांचं एक ब्लेड आहे. मी त्याला अजून काही बोललेले नाही, तुमच्या स्टुलावर बसवूनच काय ते सांगा.

तुमची कृतज्ञ,
सड्याखालच्या बागेतली बाय