पावणेआठचा निरोप

ताई,

परवा परत आले. सॅक अजून कोपऱ्यात तशीच आहे. तुम्हाला लिहिल्याशिवाय ती उघडवत नाहीये.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन दिवस एकटीनं फिरायचं ठरवल्यावर आधी ज्यांना विचारलं, त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. एकानं "बाईमाणसानं एकटं कशाला?" म्हणून विषय संपवला. दुकानदारानं ७० लिटरची सॅक गळ्यात मारली. अनुभवी म्हणवणारे स्वतःच्याच मोहिमा सांगत बसले. मला भीती कशाची वाटते, हे कुणी विचारलं नाही.

तुम्ही तेच आधी विचारलंत. मग सगळं सामान जमिनीवर मांडायला लावलंत. माझं वजन ५५ किलो, म्हणजे ओझं त्याच्या पाचव्या हिश्श्यात, ११ किलोच्या आत हवं, आणि मी भरले होते १७! सुती कपडे आधी बाहेर गेले; भिजले की ते ऊब धरत नाहीत, लवकर वाळतही नाहीत. जड वस्तू पाठीला लागून मधोमध आल्या. कमरेचा पट्टा तुम्ही स्वतः हाडावर बसवून आवळलात आणि खांदे मोकळे झाले. टाच चुरचुरली की तिथंच थांबून पट्टी लावायची, फोडाची वाट बघायची नाही, हेही तुमचंच. ताशी ५ किलोमीटर, वर चढाच्या दर ६०० मीटरना एक तास, हा चालायला लागणाऱ्या वेळेचा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा हिशेब. ओझं असेल तर आणखी वेळ धरायचा. तो मांडूनच दुसऱ्या दुपारी मी माथा सोडून मागे फिरले. फार वाईट वाटलं, पण फिरले.

हे सगळं कदाचित कुठंतरी वाचायलाही मिळालं असतं. तो कागद मात्र नाही. माझी वाट, मुक्काम, परतायची वेळ तुम्ही लिहून घेतलीत आणि खाली लिहिलंत, "रात्री ८ पर्यंत निरोप नाही, तर बचाव पथकाला फोन." ना नात्याची मी, ना जुन्या ओळखीची.

शेवटच्या दिवशी उतरताना वाट चुकले. तासभर शोधत होते, अंधार पडत होता. पण कुणीतरी घड्याळाकडे बघत बसलंय, हे माहीत होतं, म्हणून धावाधाव केली नाही. रेंज आली तेव्हा पावणेआठ झाले होते. "उतरले" एवढंच पाठवलं. मिनिटभरात तुमचं उत्तर: "कागद हातातच आहे. जेव आता."

रस्त्याच्या कडेला बसून रडले, ताई.

तो कागद अजून असेल, तर मला द्याल?