आधी छताचा बंदोबस्त, मग सौर प्लेटा

मा. संपादक महोदय,
स. न.

वणी तालुक्यातील एका गावात गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहिली. प्रवेशद्वारापाशी ‘सौरऊर्जेवर चालणारी हरित इमारत’ असा फलक आहे, छतावर ५ किलोवॉट क्षमतेची सौर पॅनेल आहेत आणि दर्शनी बाजूला पश्चिमेकडे तोंड करून काचेची मोठी भिंत आहे. त्या काचेमुळे उन्हाळ्यात दुपारी दोननंतर सभागृहात बसवत नाही, म्हणून मागाहून दोन एसी लावण्यात आले. १ मेच्या ग्रामसभेत लाईन गेली आणि एसी, पंखे, संगणक सगळेच एकदम थांबले, तेव्हा एका वयोवृद्ध शेतकऱ्याने सचिवांना विचारले, “सूर्य तं डोक्यावर हाये साहेब, मंग लाईन काहून गेली?” सभेत हशा पिकला, पण उत्तर कोणी दिले नाही. शासकीय बांधकामांची अंदाजपत्रके करण्यात उभी नोकरी घालवलेला माणूस म्हणून ते उत्तर देणे मला माझे काम वाटते.

अशा इमारतींवरील पॅनेल बहुधा नेट मीटरद्वारे विद्युत वाहिनीशी जोडलेली असतात. दिवसा तयार झालेली जादा वीज वाहिनीत जाते, रात्री लागेल तेवढी परत घेतली जाते आणि महिनाअखेरीस दोहोंची वजाबाकी होऊन बिल निघते. मात्र वाहिनीतील पुरवठा खंडित झाला की या व्यवस्थेतला, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, आणि तो पडलाच पाहिजे, कारण छतावरची वीज बंद वाहिनीत शिरली तर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. शहरात लाईन अर्ध्या तासात येते, तिथे ही व्यवस्था पुरेशी आहे. ज्या गावात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की दुसरी येईपर्यंत दिवस मोजावे लागतात, तिथे निदान काही दिवे, पंखे आणि संगणक चालवण्याइतकी बॅटरी व तिला साजेसा, लाईन गेल्यावरही पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर अंदाजपत्रकात असायला हवा. तो सहसा नसतो, कारण त्याने खर्च वाढतो आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात तो दिसत नाही.

त्याहून मोठी चूक काचेच्या भिंतीत आहे. आपल्या भागात १ किलोवॉटच्या पॅनेलपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते, म्हणजे या इमारतीला सुमारे २० युनिट. दीड टनाचे दोन एसी रणरणत्या दुपारी मिळून तासाला ३ युनिटच्या आसपास वीज खातात; सात तास चालले की दिवसाची सगळी कमाई संपली. काचेतून आत शिरलेले ऊन बाहेर काढण्यासाठी छतावर पडलेले ऊन खर्ची घालायचे, असा हा व्यवहार आहे. त्यातच पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. सावलीत ४५ अंश असताना पॅनेल स्वतः ६५ अंशांच्या पुढे तापते, म्हणजे नेमकी जेव्हा सर्वांत जास्त गरज तेव्हा सातवा हिस्सा तिथेच गळतो. वणीच्या रस्त्यांवरून कोळशाचे ट्रक चालतात, त्यांची काळी धूळ पॅनेलवर बसते ती वेगळी.

आपण साधारण २० अक्षांशावर राहतो. २० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन झेलते ते छत, आणि त्याखालोखाल दुपारनंतर पश्चिमेची भिंत. हे आपल्या पूर्वीच्या घरबांधणीला ठाऊक होते. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, वर कवेलू (कौले), समोर खोल ओसरी आणि उन्हाळ्यात अंगणात मांडव. सेवाग्रामची बापू कुटी पाहणाऱ्यास आजही हेच दिसते. परंतु कवेलूंकडे परत जा, असे मी म्हणणार नाही. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणारे हात आता गावात उरले नाहीत आणि माकडांच्या टोळ्या एका दुपारीत छत चाळून टाकतात, म्हणूनच लोक टिनांकडे आणि स्लॅबकडे वळले. टिनाखाली मे महिन्यात राहणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले नाही, त्याने कवेलूंचे कौतुक जपून करावे.

स्लॅब असेल तर त्यावर वीटतुकड्यांचा कोबा, वरून पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, किंवा पैसे नसतील तर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात, एवढ्याने खालच्या खोलीचा ताप लक्षणीय कमी होतो. पॅनेल स्लॅबला चिकटवून न ठेवता उंच चौकटीवर बसविली, तर खालून वारा फिरतो, पॅनेल कमी तापते आणि स्लॅबवर तिची सावली पडते. म्हणजे तीच पॅनेल इमारतीचा मांडव होते. पश्चिमेला काचेऐवजी पुरेसा सज्जा आणि राखेच्या विटांची पोकळी ठेवून बांधलेली दुहेरी भिंत हवी. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्यांना राखेची वाण पडू नये.

एवढे केल्यावर विजेची गरज किती उरते, ते पाहा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा २८ ते ३०. असे दहा पंखे आठ तास चालले तर अडीच युनिटही लागत नाहीत. दिवे आणि एक संगणक धरला तरी लहान कार्यालयाचे काम १ किलोवॉटमध्ये भागू शकते. मग उरलेल्या ४ किलोवॉटच्या पैशांत बॅटरी येते. कोरड्या हवेमुळे आपल्याकडे कुलर उत्तम चालतो आणि एसीच्या मानाने वीज फारच कमी घेतो, पण ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथे कुलरचे पाणी कोठून आणायचे, हाही हिशेब नकाशा काढतानाच झाला पाहिजे.

मोजमापांची उणीव मुळीच नाही. ‘गृह’ ही हरित इमारतींची राष्ट्रीय मानांकन पद्धत आहे आणि २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी तिचेच ‘स्वगृह’ हे रूप आहे. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत निवासी इमारतींच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आखून दिली आहे. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत घेतो. ही मापे गावातल्या सार्वजनिक इमारतींच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचत नाहीत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरमालकाला ३ किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, हे चांगलेच आहे. पण २५ चौरस मीटरच्या घरकुलात राहणाऱ्याला स्लॅबवर कोबा करायला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यातील एका आदर्श सौर ग्रामासाठी १ कोटी रुपये आहेत, मात्र ५,००० लोकसंख्येची अट असल्याने आमच्याकडची बहुतेक गावे त्या स्पर्धेत उतरूच शकत नाहीत.

शेवटचा मुद्दा देखभालीचा. मी पाहिलेल्या एका शाळेत बॅटऱ्या चौथ्या वर्षी निकामी झाल्या, कारण त्यात डिस्टिल्ड वॉटर घालणे हे कोणाचेच काम नव्हते. पॅनेल अजून छतावर आहेत आणि शाळा वीजबिल भरते आहे. निविदेतच पाच वर्षांची देखभाल बांधून द्यावी, गावातल्या आयटीआय झालेल्या मुलाला तिचे मानधन मिळावे, आणि दर आठवड्याला पहाटे पॅनेल धुतल्याची नोंद दप्तरात असावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते, हेही त्याला सांगावे लागेल.

याच गावात आता अंगणवाडीची नवी इमारत मंजूर झाली असून तिचा नकाशा मंजुरीसाठी तालुक्याला गेला आहे. मी तो पाहिला. छतावर ३ किलोवॉटची पॅनेल दाखवली आहेत, कोब्याचा उल्लेख नाही आणि मुलांच्या खोलीच्या तिन्ही खिडक्या पश्चिमेला आहेत. काम सुरू व्हायला अजून अवधी आहे; तोवर संबंधितांनी हा नकाशा एकदा भर दुपारी त्या जागेवर उभे राहून वाचावा, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक सेवानिवृत्त शाखा अभियंता,
ता. वणी, जि. यवतमाळ