वनमंत्री साहेब, रोपं मोजता तशी घरटी पण मोजा की

मा. वनमंत्री साहेब, नमस्कार.

मी सोलापूरचा. रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून बार्शी रोडनं नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं गाडी हाणणारा. घरचे येडा म्हणतात, ते सोडा.

मागच्या पावसाळ्यात एका माळावर झाडं लावायला जेसीबीनं खड्डे काढले होते, एकदम ओळीत. एका खड्ड्याच्या मातीला लागूनच कुसळी गवताच्या बुडाशी चंडोल पक्ष्याचं घरटं, वाटीएवढं, आत तीन अंडी, मळकट, तपकिरी ठिपक्यांची. पुढच्या रविवारी बघतो तर खड्ड्यात ग्लिरिसिडियाचं रोप आणि घरट्यावर माती. काम कुणाचं ते लिहीत नाही, खणणाऱ्या पोरांची तर काहीच चूक नाही, त्यांना टार्गेट खड्ड्यांचं होतं. चंडोलाचा रकानाच नव्हता ओ फॉर्मात!

तो रकाना टाका, एवढंच मागायला हे पत्र.

राज्यात २०१६ ला २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी अशी रोपांची टार्गेटं होती, आम्हाला पाठ झालीत. २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड भरेल एवढा जादा कार्बन झाडाजंगलात साठवू असा शब्द देशानं जगाला दिलाय, तेही चांगलंच. पण हिशोब कसा होतो बघा, सॅटेलाइटच्या फोटोत हेक्टरभर जागेत १० टक्के झाडोरा दिसला की झालं वनाच्छादन, मग तो आंबा असो नाहीतर नुसती सुबाभूळ. आणि आमचा माळ? पडीक. त्या पडीक माळाचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणवा लागून वरचं गवत जळालं तरी खालचा बराचसा तसाच राहतो, आणि आपण झाड लावायला नेमकी तीच माती उकरायलोय.

माळढोकाचं तर तुम्हाला सांगायला नको. १९७९ ला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर, नंतर कमी करून १,२२२ वर आणलं. वर्षाला एखादंच अंडं घालणारा पक्षी, तेही उघड्या जमिनीवर, त्याला चहूकडचं लांबवर दिसलं पाहिजे. झाडांची भिंत उभी केली तर तो थांबेल कशाला? धाविक, तणमोर हे पक्षी, खोकड म्हणजे छोटा कोल्हा, काळवीट, सगळी मोकळ्या रानातलीच.

आणि मोजणं काय अवघड नाही. खड्डे काढायच्या आधी एक ठरलेली वाट धरायची, किलोमीटरभर चालायचं, पक्षी, गवत, विष्ठा, पावलं लिहून घ्यायची, मग दरवर्षी त्याच महिन्यात तीच वाट. कॉलेजची पोरं येतील, आम्ही फुकट येऊ. सोबत एखादा मेंढरं राखणारा म्हातारा घ्या, हे पवना गवत, हे मारवेल गवत, इथं लांडग्याचं बीळ, असं चालता चालता सांगतो, आमच्या अ‍ॅपपेक्षा फास्ट. यादी बघून जिथं माळ जिवंत आहे तिथं लागवड रद्द करा, आणि झाडं लावायचीच तर गावात, ओढ्याकाठी, रस्त्याकडंला लावा, तिथं सावली पाहिजेच आहे. २०१० ला कानकूनच्या हवामान परिषदेत जंगलातून कार्बन वाचवताना जैवविविधतेला धक्का नको असं जवळपास सगळ्या देशांनी मान्य केलंय, म्हणजे मी काय जगावेगळं मागत नाही.

एकदा या साहेब. पहाटे साडेपाचला, ताफा लांब ठेवून.

आपला,
एक सोलापूरकर

ता. क. : त्या माळावरची निम्मी रोपं मे महिन्यात वाळून गेली. बोर्ड मात्र अजून उभा आहे, त्यावर रोपांचा आकडा पहिल्या दिवशीचाच.