लाल किल्ल्यातल्या बराकीत आजो

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

दिल्लीहून येऊन आठ दिवस झाले. तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा "पत्र लिहितो" म्हणून ठेवून दिला. राग मानू नकोस. फोनवर सांगायला लागलो असतो तर मध्येच गळा दाटला असता, आणि जे सांगायचंय ते राहूनच गेलं असतं.

अण्णांना एकदा दिल्ली दाखवायची हे किती वर्षं चाललं होतं, तुला ठाऊक आहे. या नाताळच्या सुट्टीत ते जमलं. कुतुबमिनार, इंडिया गेट सगळं झालं, त्याचे फोटो पोरांनी पाठवलेच आहेत. मला लिहायचंय ते लाल किल्ल्याबद्दल. थोरलीला नववीला इतिहास आहे, धाकट्याला तोफा बघायच्या होत्या आणि अण्णांचे गुडघे दुखत होते. सकाळी धुकं इतकं, की लाहोरी दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसलाच नाही.

छत्ता चौकातली दुकानं ओलांडली, नौबतखान्याखालून आत गेलो. दिवाण-ए-खासमध्ये अण्णा वर बघत उभे राहिले. तिथलं चांदीचं छत 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून घेतलं आणि त्याचे रुपये पाडले, कारण फौजेचा पगार थकला होता. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. अण्णा नातीला म्हणाले, "उपाशी शिपाई किती दिवस लढणार गं?" त्यांच्या मनात शिपाई सकाळपासूनच होता, हे मला नंतर उमगलं.

मग बराकींकडे वळलो. 1857 नंतर इंग्रजांनी किल्ल्यातले कितीतरी महाल पाडले आणि तिथे आपल्या सैन्यासाठी या उंच, रुक्ष बराकी बांधल्या. स्वातंत्र्यानंतर आपलं लष्कर तिथे होतं, ते 2003 मध्ये हललं. आता त्याच बराकींत संग्रहालयं आहेत. एकात 1857, एकात जालियनवाला बाग आणि पहिलं महायुद्ध, एकात नेताजी आणि आझाद हिंद सेना. 23 जानेवारी 2019 ला, नेताजींच्या जयंतीला, ती उघडली.

1857 च्या दालनात झाशीच्या राणीपुढे आणि तात्या टोप्यांपुढे थोरली बराच वेळ थांबली. बहादूरशहा जफरवर खटला चालला तो याच किल्ल्यात, दिवाण-ए-खासमध्ये, जानेवारी ते मार्च 1858. ज्या दालनात त्याचे पूर्वज सिंहासनावर बसायचे, तिथे त्या म्हाताऱ्याला आरोपी म्हणून बसवलं आणि मग रंगूनला धाडलं. तो तिथेच 1862 मध्ये गेला. 1943 मध्ये नेताजी रंगूनला त्याच्या कबरीवर जाऊन आले होते. "चलो दिल्ली" म्हणजे कुठल्या दिल्लीला, हे मला त्या दालनात उभं राहिल्यावर कळलं.

आझाद हिंद सेनेच्या दालनात नेताजींची लाकडी खुर्ची आहे, तलवार आहे, गणवेश, बिल्ले, पदकं आहेत. बाळ्या, कापड किती लवकर विटतं रे! माणसाची छाती जिथे असते तिथे नुसती घडी. एका काचेपुढे अण्णा थांबले ते थांबलेच. धाकटा पुढे जाऊन परत आला, त्यांचा हात ओढायला लागला, तरी हलले नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "ह्या कपड्यातलो कोणी बाबांच्या समोर इलो आसात काय रे?"

तुला आमचा आजो, अण्णांचे वडील, आठवतो. ओट्यावर काठी टेकून बसलेला, आपल्याला चिंचा पाडू न देणारा. तो मराठा पलटणीत होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण कुठे लढला ते कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. अण्णांनी मला तिथेच, काचेला पाठ करून, पहिल्यांदा नीट सांगितलं. आजो चौथ्या पलटणीत होता. मार्च 1944 मध्ये मणिपुरात, उखरूलकडच्या डोंगरात, सांगशाक नावाच्या गावी त्यांची पलटण पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांच्या वेढ्यात सापडली. 22 ते 26 मार्च. खडक इतका, की खंदक खोल खणता येईनात. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं शत्रूच्याच हाती पडायचं. आणि पाणी नव्हतं. पाचव्या रात्री जे चालू शकत होते ते जंगलातून बाहेर पडले. त्या पाच दिवसांमुळे जपान्यांना कोहिमाला पोचायला उशीर झाला, असं आता युद्धाचा अभ्यास करणारे लिहितात. आजो एवढंच म्हणायचा, "काय सांगू? पाणी नाय होता."

तांब्यात उरलेलं पाणी तो तुळशीत घालायचा, कधी अंगणात फेकू द्यायचा नाही. मला वाटायचं, देवभोळा आहे.

आणि त्याच महिन्यांत, त्याच इंफाळच्या आघाडीवर, जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती. 14 एप्रिलला मोइरांगला त्यांनी झेंडा लावला. म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसं होती. सांगशाकला आजोपुढे कोण होतं ते मला माहीत नाही, जपानीच असावेत. पण अण्णांचा प्रश्न त्या काचेपुढे खोटा नव्हता.

धाकट्याने सगळं ऐकलं होतं. त्याने सरळ विचारलं, "म्हणजे पणजोबा वाईट लोकांच्या बाजूने लढले?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ही म्हणाली, आधी खाली बसू. आम्ही बाहेर हिरवळीवर बसलो, घावणे खाल्ले (हिने पहाटे उठून केले होते), आणि मी त्याला जमेल तसं सांगितलं. चार भाऊ, अर्धा एकर भात, तोही पावसावर. आपल्याकडची पोरं एकतर मुंबईला गिरणीत जायची नाहीतर बेळगावला भरतीला. आजो बेळगावला गेला. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, दोनच दिवसांनी तिथल्या फेरर पार्कच्या मैदानावर सुमारे 45,000 हिंदी युद्धकैदी गोळा झाले आणि त्यांच्यापुढे निवड आली, आझाद हिंद सेनेत जायचं की कैदेत राहायचं. काही गेले, काही नाही गेले. कुणासाठीच ते सोपं नव्हतं. आजोपुढे ती निवड कधी आलीच नाही. आली असती तर त्याने काय केलं असतं, ते मी पोराला सांगू शकलो नाही.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली, आणि तुलाही सांगतो, कारण मला ती फार मोलाची वाटते. नोव्हेंबर 1945 मध्ये याच किल्ल्यातल्या एका बराकीत शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. राजाविरुद्ध युद्ध पुकारलं, हा आरोप. जफरवरच्या खटल्याला सत्याऐंशी वर्षं झाली होती, किल्ला तोच. भुलाभाई देसाई बाजू मांडायला उभे राहिले, नेहरूंनी कित्येक वर्षांनी वकिलाचा झगा चढवला. बाहेर रस्त्यावर घोषणा होती, "लाल किले से आई आवाज़, सहगल, ढिल्लों, शाहनवाज़!" जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, पण 3 जानेवारी 1946 ला सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. का? बाहेरच्या लोकांमुळे, हे खरंच. पण आतल्या फौजेमुळेही. त्या फौजेत लाखो आजो होते. त्यांचं मन काय म्हणतंय, याचा विचार इंग्रजांना पहिल्यांदा करावा लागला. दीड महिन्यात मुंबईत नाविकांनी बंड केलं, आणि त्यांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा, ही एक होती. राजाचं मीठ खाणारेच ते. माझा आजो त्या फौजेतला होता, बाळ्या. त्याला मी वाईट बाजू म्हणू देणार नाही.

धाकट्याला किती कळलं कोण जाणे. त्याने फक्त विचारलं, "मग पणजोबांना पाणी कधी मिळालं?"

अण्णा मात्र परत आत गेले. एकटे, गुडघे दुखत असताना. मी मागोमाग गेलो. या वेळी काचेपुढे थांबले नाहीत, भिंतींवर काहीतरी शोधत होते. विचारलं तर म्हणाले, "आपल्या भोसल्यांचा नाव बघतंय." जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे. आझाद हिंद सेनेचे मोठे अधिकारी, 1943 च्या हंगामी सरकारात नेताजींबरोबर. पुढे पहिल्या लोकसभेत रत्नागिरीतून निवडून गेले. मुंबईला मंत्रालयाजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तू त्यावरून कितीदा गेला असशील. म्हणजे आपल्याच भातखाचरांच्या मुलखातला एक माणूस त्या बाजूला आणि एक या बाजूला. अण्णांना हे दोघं एका ठिकाणी हवे होते, एवढंच मला वाटलं.

शेवटी पहिल्या महायुद्धाचं दालन बघितलं, घाईतच. तिथे मला इराकमधलं कुट आठवलं, 1916 च्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या आपल्या मराठा पलटणी. कोकणात, घाटावर कितीतरी गावांत दगड आहेत, अमुक इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी परत आली नाहीत. आपण त्यावरून चढून झाडावर जायचो.

आता काम. आजोची पत्र्याची ट्रंक वरच्या माळ्यावर, कौलांखाली, भाताच्या कणगीमागे असायची. आजो गेला त्या वर्षी अण्णांनीच तिथे ठेवली आणि नंतर कुणी हात लावला नाही. त्यात त्याचं डिस्चार्ज बुक असणार, आणि एक तांबूस तारा, रंगीत पट्टीला अडकवलेला. अण्णा म्हणतात, ब्रह्मदेशच्या लढाईचा. घराची किल्ली तुझ्याकडेच आहे. कधी उन्हाच्या दिवशी जाऊन बघशील का? वाळवी लागली असेल तर पेटी तशीच उचलून तुझ्या घरी आण, आत काही झटकू नकोस, कागद फाटतील. फोटो पाठवू नकोस. अण्णांना आधी हातात घेऊन बघायचंय. मे महिन्यात आम्ही सगळे येतोच आहोत.

वहिनींना नमस्कार, काकींना साष्टांग.

तुझाच,
शेजारचा