माणूस झोपतो तिथेच आडोसा हवा : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दगड-मातीच्या घरांत झोपणाऱ्या कुटुंबांसाठी लोखंडी आडोशाची खाट

महोदय,

मी किल्लारीच्या पंचक्रोशीतला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून उशिरा घरी आलो, आत उकडत होतं म्हणून आम्ही मोठी पोरं अंगणात वाकळ टाकून पडलो. आजी आणि धाकटा भाऊ आत, माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आधी आवाज आला, मग जमीन हलली. मी उठून बसेपर्यंत घर खाली आलं होतं. धुळीत दारातलं लिंबाचं झाडसुद्धा दिसेना.

ढिगारा उपसायला दुसरा दिवस उजाडला. आत ज्वारीची लोखंडी कोठी तशीच उभी होती. झाकण चेपलं होतं, एक तुळई तिच्यावर तिरपी टेकली होती आणि त्या तुळईखाली एक माणूस पाय पोटाशी घेऊन निजेल एवढी जागा मोकळी राहिली होती. तिथे ठेवलेल्या चिमणीची काचही फुटली नव्हती. माझा भाऊ तिथून दोन हातांवर सापडला. आजीचा हात त्याच्या पाठीवर होता.

मी आज फॅब्रिकेशनचा धंदा करतो. शटर, जिने, ग्रिल, शेतकऱ्यांचे पत्र्याचे शेड. लोखंड हातात घेतलं की ती कोठी आठवते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मध्यंतरी गावातल्या पोरांनी मला मोबाइलवर भूकंप आणि त्सुनामीतून जीव वाचवणारे गोळे दाखवले. 'मामा, असलं काही आपल्याकडे बनवता येईल का?' मी ते नीट बघितले, त्यांची माहिती काढली. २०११ च्या त्सुनामीनंतर त्याच वर्षी जपानमध्ये 'नोआ' नावाचा पिवळा गोळा निघाला. फायबरग्लासचा, १.२ मीटर व्यासाचा, आत चार माणसं बसतील असा. किंमत तीन लाख येनच्या घरात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका कंपनीने विमानाला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमची कॅप्सूल केली, दोन माणसांपासून दहा माणसांपर्यंतची. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये जे गेले, त्यांतले दहात नऊ बुडून गेले. हादऱ्यानंतर अर्ध्या तासात लाट दारात येते अशा किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला टेकडी गाठता येत नसेल, तर त्याच्यासाठी तो गोळा खरोखर उपयोगाचा आहे. आपल्या अंदमान-निकोबारच्या लोकांसाठीही त्याचा विचार व्हावा.

कोकणची गोष्ट वेगळी. २८ नोव्हेंबर १९४५ ला पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्रात भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली आणि इथेही माणसं गेली. पण मकरानहून लाट इथे पोहोचायला काही तास लागतात, आणि २००७ पासून हैदराबादला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र रात्रंदिवस चालू आहे. कोकणातल्या वाडीला भोंगा, रात्रीही सापडेल अशी उंचावर जाणारी पाखाडी आणि वर्षातून एकदा रंगीत तालीम मिळाली, तर गोळ्याची गरज पडणार नाही. ओडिशाने ही तयारी गावोगाव करून दाखवली आहे. तिथल्या दोन गावांना २०२० मध्ये त्सुनामीसाठी सज्ज गावं म्हणून युनेस्कोकडून मान्यताही मिळाली.

मराठवाड्यात समुद्र नाही. आमच्यावर घर पडतं, आणि ते पडायला काही सेकंद लागतात. गोळ्यात शिरायचं तर दार उघडावं लागतं, आत बसून पट्टा बांधावा लागतो. पहाटे चारला झोपेतून उठलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. माझ्या भावाकडे दोन हात सरकण्याइतकाही नव्हता. त्या भूकंपात काही दिवसांनी ढिगाऱ्यातून एक चिमुरडी जिवंत निघाली, ती लोखंडी खाटेच्या आडोशाला होती म्हणून. तिला कुठे पळावं लागलं नाही, आडोसा ती होती तिथेच होता.

हा विचार काही माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, ब्रिटनच्या सरकारने घराघरात लोखंडी पिंजऱ्यासारखी टेबलं दिली. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांच्या नावाने ती ओळखली जात. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री आत झोपायचं. घरातल्या माणसांनीच नटबोल्ट लावून ती जोडायची. अशी पाच लाखांवर टेबलं वाटली गेली आणि कमी उत्पन्नाच्या घरांना ती फुकट मिळाली. ती ज्यांनी आखली ते जॉन बेकर हे इंजिनिअर. त्यांचं म्हणणं माझ्यासारख्या वेल्डरलाही लगेच पटतं : वरचा पत्रा वाकू दे, वाकताना तो मार खाऊन घेतो, फक्त आतल्या माणसाला टेकेपर्यंत वाकता कामा नये. जपानमध्येही १९९५ च्या कोबेच्या भूकंपात बहुतेक माणसं पडलेल्या घरांखाली गेली. तिथल्या शिझुओका प्रांतात आणि टोकियोत घर मजबूत करणं न परवडणाऱ्या वृद्धांसाठी खाटेवर लोखंडी कमान बसवलेले पलंग निघाले आणि अनेक नगरपालिका त्यांना अनुदान देतात.

आता आमचं घर कसं असतं ते सांगतो, कारण मुंबईतून ते दिसत नाही. दोन-अडीच फूट जाडीची भिंत. बाहेरून दगड, आतून दगड, मधे मातीचा गाळा, आणि दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. वर तुळया, किलचण म्हणजे लाकडी फळकुटांचा थर, आणि पांढरी माती. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी आणखी चार पाट्या पांढरी पडते. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, नातू टाकतो. एका चौरस फुटावर एक फूट थर म्हणजे जवळपास ४५ किलो. साडेसहा बाय चारच्या खाटेवर दोन फुटांचा थर आला, तर सव्वादोन टनांहून जास्त ओझं होतं, आणि ते उंचावरून पडतं. आपल्या नेहमीच्या लोखंडी पलंगाचे पाय एवढ्या ओझ्याखाली एका बाजूला मुडपतात.

मी केलेली खाट साधी आहे. मच्छरदाणीच्या चौकटीसारखी, पण ५० बाय ५० मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची. उंची चार फूट, वर ४ मिलिमीटरचा पत्रा, पत्र्याखाली चार आडवे अँगल. बाजूला आणि उशा-पायथ्याला तिरके सपोर्ट, डोक्याकडून जाळी. पहिल्या खाटेला मी तिरके सपोर्ट दिले नव्हते. जेसीबीचा बकेट भरून दगड-माती तिच्यावर सोडली, तर ती आडवीच झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या खाटेवर दोन बकेट सोडले. पत्रा चार बोटं वाकला, पाय उभे राहिले. मग लक्षात आलं की जुन्या घराची जमीन शेणाने सारवलेली, भुसभुशीत असते. तिच्यात पाय रुततील, म्हणून प्रत्येक पायाखाली आठ इंची चौकोनी प्लेट दिली. जुन्या घराचं दार अरुंद असतं, त्यातून अखंड खाट आत जात नाही, म्हणून सगळे जोड नटबोल्टचे केले. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं, खर्च मजुरीसकट पंचवीस हजारांच्या आत येतो.

पहिली खाट मी माझ्या सासुरवाडीला दिली. वसमत तालुक्यात. हिंगोलीच्या त्या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येणं नवीन नाही, पांगरा शिंदे गावचे लोक वर्षानुवर्षं ते सांगत आले आहेत. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला तिथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मार्चच्या धक्क्यानंतर पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनाने सांगितलं. योग्यच सांगितलं. पण माळवदावरची माती कोण काढणार? सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. शेजारी मुलाने सिमेंटची खोली बांधली आहे, तरी त्या जुन्या घरातच झोपतात. थंडावा असतो म्हणतात, आणि देवघर तिथे आहे. प्रत्येक गावात अशा पाच-पन्नास आज्या आहेत. भूकंप झाला तर ढिगाऱ्याखाली आधी त्याच सापडतील.

कुणी म्हणेल, घरं मजबूत करा, खाटा कशाला? घरं मजबूत व्हायलाच हवीत. १९९३ नंतर सरकारने ५२ गावं नव्याने वसवली, ते काम मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं आहे. पण पुनर्वसनाबाहेरची दगड-मातीची घरं आजही उभी आहेत आणि घरकुलाच्या यादीत नाव येईपर्यंत माणूस रोज रात्री त्याच भिंतीखाली झोपतो. त्या मधल्या वर्षांसाठी मी खाट मागतो आहे.

खाटेचा नकाशा घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, 'कल्पना चांगली आहे, पण यासाठी हेडच नाही.' त्यांचाही नाइलाज असेल. हेड, म्हणजे सरकारी खर्चाचं खातं, उघडणं मंत्रालयाच्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहितो.

माझी खाट पास करा असं मी म्हणत नाही. माझी चाचणी जेसीबीची आहे, तिला शास्त्राचा आधार नाही. रुरकीच्या आयआयटीत आणि बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत खऱ्या भूकंपासारखं हलवून बघणारी शेक टेबलं आहेत. आपल्या विभागाने तिथे दगड-मातीची भिंत आणि माळवद उभं करून त्याखाली दोन-चार नमुन्यांच्या खाटा तपासून घ्याव्यात. जो नमुना टिकेल त्याचा नकाशा, मापं आणि वेल्डिंगच्या सूचनांसह, मराठीत, सगळ्यांना फुकट द्यावा. तालुक्या-तालुक्याला फॅब्रिकेटर आहेत, कुणा एका कंपनीला ठेका द्यायची गरज नाही. आणि किल्लारी पट्टा, हिंगोली, कोयना, डहाणू-तलासरी इथल्या जुन्या घरांत झोपणाऱ्या वृद्धांना आणि लहान मुलं असलेल्या घरांना त्यासाठी अनुदान द्यावं. डहाणूत नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले, तेव्हा लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तंबूत माणूस किती दिवस राहील?

एक खाट तयार करून वर्कशॉपमध्ये ठेवली आहे. शेक टेबलवर मोडून बघायला ती मी देतो, गाडीभाडं माझं. कुठे आणि कधी पोहोचवायची तेवढं आपल्या विभागाने कळवावं.

आपला विश्वासू,
एक फॅब्रिकेटर,
ता. औसा, जि. लातूर